तात्यांच्या तोंडातला माणूस

निरवांगीच्या सोपान करगळांवर अन्याय झाला तो १९९६ सालच्या भाऊबीजेला, संध्याकाळी साडेसात वाजता. आडबाजूला नाही, अंधारात नाही, अख्ख्या महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत. टीव्हीवर चेहरा त्यांचा होता, काठी त्यांची होती, ओठ त्यांचे हलत होते आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा येत होता. त्यांना विचारलं नव्हतं. कळवलंही नव्हतं.

ज्या मालिकेत हे झालं तिचं नाव मी लिहिणार नाही. फुकट जाहिरात करायची मला हौस नाही. तुम्हाला ती आठवत असेलच. पोरीला शिकायला पुण्याला धाडणारा राणबा तर नक्कीच आठवत असेल. तो राणबा म्हणजे सोपान करगळ. त्यांना सगळे तात्या म्हणत. ते माझ्या आत्याचे यजमान. हे नातं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की घरच्या माणसाचं कौतुक चाललंय. चाललंयच. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मला लिहायची वेळ आली नसती.

राणबा पडद्यावर एका पायावर उभा राहायचा. काठी बगलेत, दुसरा पाय गुडघ्याला टेकवलेला. शहरातल्या लोकांना वाटलं, नटाने काय शोधून काढलंय बघा. तात्यांनी काहीही शोधलेलं नव्हतं. करगळांच्या मागच्या पिढ्या मेंढरं राखत आल्या, तात्यांनीही पोरपणी राखली. पुढे कळप गेला, शेती आली, पण उभं राहायची ती तऱ्हा काही गेली नाही. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने त्यांना बसायला खुर्ची दिली, तर तात्या म्हणाले, "ती राहू द्या. खुर्चीत बसलं की मला खोटं सुचतं."

हा माणूस नट कसा झाला, हे मला लोक अजून विचारतात. नाटक कंपनी नाही, तालीम नाही, कॉलेज नाही. त्यांचं शिक्षण झालं बारामतीच्या एसटी स्टँडमागे, इक्बालभाईंच्या व्हिडिओ लायब्ररीत.

तात्या तेव्हा दुधाची जीप चालवायचे. सकाळी गावोगावचं दूध गोळा करून बारामतीला आणायचं, कॅन उतरवायचे, आणि रिकामे कॅन परत मिळेपर्यंत थांबायचं. त्या वेळात ते इक्बालभाईंकडे बसत. इक्बालभाईंचा मेहुणा दुबईला होता. तो सुट्टीवर येताना पाकिस्तानी मालिकांच्या कॅसेटी आणायचा. त्यात एक नट होता, कधी जमीनदार व्हायचा, कधी पोस्टमन, कधी कुणाचा म्हातारा बाप. तात्यांनी त्याला एकदा पाहिला आणि मग दुसरं काही पाहीनात.

"तात्या, परत हीच लावू?" इक्बालभाई वैतागून विचारायचे. "अहो, नवीन हिंदी पिक्चर आलाय, मारामारीचा."

"त्यात ह्यो हाय का?"

"हा कसा असेल? हा तिकडचा."

"मग हीच लावा."

"उर्दू कळतं का तुम्हाला?"

"न्हाय. पर ह्यो मानूस माझ्याशी खोटं बोलत न्हाय, एवढं कळतं."

त्या नटाचं अख्खं चरित्र तात्यांना तोंडपाठ होतं. मुलतानकडच्या खेड्यातला, बापाचं कापडाचं दुकान. आधी रेडिओवर लागला, मग टीव्हीवर. त्याची गावाकडची बोली ऐकून स्टुडिओतली माणसं हसायची. आधी जबान साफ कर, मग ये, असं त्याला सांगितलं. त्याने केली नाही, घरी जाऊन बापाच्या दुकानात कापड फाडत बसला. मग एका लेखकाने त्याच्याच बोलीत त्याच्यासाठी म्हाताऱ्या बापाचं काम लिहिलं, आणि ती मालिका लागायची तेव्हा म्हणे तिकडच्या शहरांत रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. हे सगळं इक्बालभाईंनी उर्दू मासिकांतून वाचून सांगितलेलं. त्यात पदरचं किती घातलं होतं ते तेच जाणोत. तात्यांनी मात्र शब्दन् शब्द खरा मानला.

तात्या त्याच्याकडून एक गोष्ट शिकले, हळू बोलायची. रानात मेंढरांना हाळी घालून त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जाईल असा झालेला. तो त्यांनी खाली आणला. म्हणायचे, "वरडलं की मानसं बसल्या जागी घोरत्यात. हळू बोललं की जवळ सरकत्यात." दूध संघावर कुणीतरी टोमणा मारायचंच, की तात्यांनी गुरू केला तोही पाकिस्तानातला. तात्या चिडायचे नाहीत. "शेळी कुनाच्या बी बांधावर चरती," ते म्हणायचे, "दूध घरीच देती."

मालिकेची माणसं नरसिंहपूरला शूटिंगला आली, भीमा-नीरेच्या संगमावर. त्यांच्या चहाचं दूध तात्या पोचवायचे. राणबाचं काम करणारा मुंबईचा नट दोन दिवस आलाच नाही. दिग्दर्शकाने काठीवर रेलून उभ्या असलेल्या तात्यांना पाहिलं आणि म्हणाला, एवढं एक वाक्य बोलता का. तात्या बोलले, आणि मुंबईच्या नटाला मग येऊच नका म्हणून कळवलं.

ते दिग्दर्शक भले गृहस्थ होते. त्यांनी तात्यांना वाक्यं बदलायची मुभा दिली. आणि वाक्य बरोबर की चूक हे ठरवायची तात्यांची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. संवाद हातात आला की ते घरी यायचे आणि आत्याला काही न सांगता, जेवता-जेवता, ते वाक्य बोलून टाकायचे. आत्याने सरळ उत्तर दिलं तर वाक्य पास. तिने भाकरी थापायची थांबवून "ह्ये टीव्हीतलं हाय का?" असं विचारलं, की वाक्य नापास. मग ते बदलायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तऱ्हेने टाकून बघायचं.

ह्या रीतीपायी एकदा आमचं अख्खं घर निरवांगीला पोचलं होतं. तात्या आत्याला म्हणाले, "हौसा, मी वढ्याकडलं रान काढून टाकतोय. इसार घेतलाय." आत्या ताट उचलून मोरीकडे गेली. तात्यांना वाटलं, वाक्य पास झालं की नाही कोण जाणे. ते झोपले. आत्याने रात्रीच्या गाडीने माणूस धाडला पणदऱ्याला, आमच्या घरी. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, बहिणीवरून जीव ओवाळून टाकणारे. त्यांनी ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत चौघे भावकीतले घेतले, मलाही घेतलं, आणि उन्हं वर यायच्या आत आम्ही दारात हजर.

"दाजी, रान इकायचं न्हाय," नाना ट्रॅक्टरवरूनच म्हणाले. "माझ्या भनीच्या पोराबाळांचं हाय ते."

तात्या दात घासत होते. त्यांनी शांतपणे चूळ भरली. "नाना, येवढी मानसं आणलीत म्हंजी वाक्य चांगलं झालं म्हनायचं."

"कसलं वाक्य?"

"राणबाचं. पोरीच्या शिक्षानासाठी त्यो रान इकतोय. मी न्हाय."

नाना ट्रॅक्टरवरून उतरले नाहीत. तसेच वळून पणदऱ्याला आले आणि पंधरा दिवस दाजींचं नाव काढलं की उठून जायचे. पण तो भाग लागला तेव्हा डोळ्याला उपरणं लावून बसले होते ते नानाच.

राणबाचा सगळ्यात गाजलेला प्रसंग एसटी स्टँडवरचा. पोरगी पुण्याच्या गाडीत बसलीय, खिडकीतून बापाकडे बघतेय. लेखकाने तिथे पानभर उपदेश लिहिला होता. तात्यांनी तो आत्यावर तीन रात्री घालून पाहिला, तिन्ही रात्री नापास. शेवटी पडद्यावर ते एवढंच बोलले, "माझ्याकडं बघू नगंस. म्होरं बघ. मी हितं हुबा हाय ह्ये तुला ठावं हाय, तेवढं लई झालं."

त्या एका वाक्याने काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीने, सुनंदाने, बारामतीच्या कॉलेजात जायचं नाव काढलं की नाना गप्प बसायचे. त्या भागानंतर दोन दिवसांनी त्यांनी स्वतः तिला गाडीत बसवलं. आमच्याच घरात नाही, इंदापूर-बारामतीच्या किती घरांत हे झालं ते मास्तरांना विचारा. आमची माणसं टीव्हीवर आधीही दिसायची, पण ती विनोदाला असायची. पाटलासमोर हात जोडून दात काढणारी. राणबा पहिला, जो आमच्या बोलीत शहाणपणाचं बोलला आणि कुणी हसलं नाही. इंदापूरच्या बाजारात बाया तात्यांना अडवून सांगायच्या, "पोरीचं एवढ्यात उरकू नगा बरं का." तात्या मान डोलवून म्हणायचे, "न्हाय उरकत." त्यांना स्वतःला मुलगी नव्हती, दोन मुलगेच.

दोन वर्षं असं चाललं. मग मालिका दुसऱ्या निर्मात्याने विकत घेतली. जुने दिग्दर्शक गेले.

भाऊबीजेला आत्या आणि तात्या दरवर्षीसारखे आमच्याकडे पणदऱ्याला आले होते. ओवाळणं झालं, सगळे टीव्हीपुढे बसलो. दारात, खिडकीत शेजारपाजारची माणसं, कारण आज प्रत्यक्ष राणबा घरात बसून राणबा बघणार होता. मालिका लागली. राणबा बांधावर उभा. त्याने तोंड उघडलं.

आवाज आला तो जाड, घोटीव, रेडिओवर सूचना देतात तसा. "पोरी, आयुष्यात संकटे येतच असतात."

कुणाला काही कळेना. आत्या म्हणाली, "ह्यो कोन मानूस शिरलाय तुमच्या तोंडात?"

"सेट बिघडलाय," नाना म्हणाले आणि उठून टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. राणबा तसाच बोलत राहिला. दुसरी थाप मारली. मग नानांनी मला सांगितलं, "अँटेना फिरव जा."

मी माळवदावर गेलो आणि अँटेना फिरवायला लागलो. हे वाचून तुम्ही हसाल. हसा. पण चेहरा माणसाचा आणि आवाज परक्याचा, असं कुणी जाणूनबुजून करत असेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं, आवाज वाटेत कुठेतरी अडकलाय.

"आला का?" मी वरून विचारलं.

"न्हाय. दुसराच बोलतोय," खालून नाना.

"आता?"

"मुंग्या आल्या. उलटा फिरव."

"आता आला का तात्यांचा?"

 खालून तात्यांचाच आवाज आला, त्यांच्या स्वतःच्या तोंडातून. "खाली ये बाबा. तितं न्हाय त्यो."

पुढच्या आठवड्यात तात्या मुंबईला गेले, मी सोबत होतो. नवीन निर्माता तरुण होता, गोड बोलणारा. त्याने तात्यांना वाकून नमस्कार केला. माझं मत तेव्हाच वाईट झालं.

"तात्या, तुमचा चेहरा म्हणजे सोनं आहे," तो म्हणाला. "आता सगळी मालिका राणबाभोवतीच फिरवतोय. पोस्टरवर तुम्हीच. आवाजाचं फक्त असं आहे, सगळ्या महाराष्ट्राला पोचला पाहिजे."

"दोन वर्सं पोचलाच की. न पोचताच इकत घेतली व्हय मालिका?"

"तसं नाही. लांबच्या लोकांना ही बोली कळत नाही."

"मला टीव्हीवरची बातम्यांची बाई सुरवातीला कळायची न्हाय. म्हनून मी तिच्या तोंडात आमची हौसा बसवली न्हाय. कान दिऊन ऐकलं."

निर्माता हसला. "तुम्हाला त्रास काहीच नाही तात्या. उलट पाठांतर वाचलं. तुम्ही नुसते ओठ हलवायचे."

"नुसतं तोंड हलवायला म्हस आना. ती दूध बी दील."

मग तात्यांनी त्याला त्या मुलतानकडच्या नटाची गोष्ट सांगितली, कापडाच्या दुकानासकट, त्यांच्या त्या हळू आवाजात. निर्मात्याला घाई होती. तो म्हणाला, "अहो, पण तो पाकिस्तानी आहे."

"व्हय," तात्या म्हणाले. "त्यो त्याच्या देशात त्याच्या तोंडानं बोलतोय. मी बी माझ्याच देशात हाय नव्हं?"

 निर्मात्याने चहा मागवला.

तात्यांनी तिथे टेबलावर हात आपटून राजीनामा दिला, असं मला लिहायला आवडलं असतं. मी लिहितो ती मागण्यांची पत्रकं अशीच असतात. पण तसं झालं नाही. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. परतीच्या गाडीत भिगवण येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "काम लई ग्वाड हाय रे. एकदा चव लागली की जीप चालवावी वाटत न्हाय." पन्नाशीला टेकलेल्या माणसाला जे स्वप्नात नव्हतं ते मिळालेलं होतं, आणि ते टिकवायला फक्त गप्प बसायचं होतं. किती जण गप्प बसतात. मी नावं घेत नाही.

घरी आत्या चुलीपुढे होती. तात्या दाराशी उभे राहिले. "हौसा, मी राणबाचं काम सोडलं."

तिने वर पाहिलं. "ह्ये टीव्हीतलं हाय का?"

"न्हाय."

"बरं केलं," आत्या म्हणाली. "रोज संध्याकाळी त्या परक्या बाप्याचं बोलनं ऐकत म्या घरात बसायची म्हंजी काय."

आम्ही पोरांनी पत्रकं छापली. 'राणबाला त्याचा आवाज परत द्या.' बारामतीच्या स्टँडवर वाटली, इंदापूरच्या बाजारात वाटली, मुंबईला पाठवली. उत्तर आलं नाही. त्यांनी एका भागात राणबाला ट्रॅक्टरखाली घालून मारलं आणि फोटोला हार घातला. त्या रविवारी बाजारात एक म्हातारा तात्यांना म्हणाला, "सोपानराव, परवा टीव्हीपुढं तुमच्या दहाव्याला बसलतो. जेवान काय दिसलं न्हाय." तात्या म्हणाले, "तिकडल्या मानसांनी केलता. त्यांच्यात चहाच आसतो."

आता अभिमानाची गोष्ट सांगतो. टीव्हीने मारलेला हा माणूस त्यानंतर खरा मोठा झाला. गावोगावच्या यात्रांतून त्याला बोलावणी यायला लागली. नरसिंहपूरच्या यात्रेत मी स्वतः मागे उभा होतो. आधीच्या कार्यक्रमात कर्णे एवढे किंचाळत होते की नदीपलीकडची माणसं वैतागली असतील. तात्या मंचावर आले, काठी बगलेत घेतली, एक पाय वर घेतला आणि माइकवाल्याला म्हणाले, "बारीक कर." त्याने केला. "आजून बारीक." मग त्यांनी एसटी स्टँडचा प्रसंग सुरू केला, एकट्यानेच. समोर पाळणे, भेळेच्या गाड्या, रडणारी पोरं, आणि ती सगळी गर्दी पुढे सरकायला लागली. कुणी ढकलत नव्हतं. ऐकू यावं म्हणून आपण होऊन सरकत होती. ते शेवटचं वाक्य बोलून थांबले. माझ्याशेजारी एक माणूस आपल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. तो कुठला, मला माहीत नाही. त्याची बोली विदर्भाकडची होती आणि त्याला सगळं कळलं होतं, एवढं सांगतो.

तात्या गेल्या श्रावणात गेले. सकाळी दूध काढून उठले आणि गोठ्याच्या दारात बसले ते उठलेच नाहीत. मातीला एवढी माणसं आली की गाड्या निमगावच्या रस्त्यापर्यंत लागल्या.

संध्याकाळी टीव्हीने बातमी दिली. ज्येष्ठ अभिनेते, ग्रामीण भूमिका, न भरून येणारी पोकळी. आणि श्रद्धांजली म्हणून राणबाचा एक तुकडा दाखवला. तात्यांचा चेहरा. तोच जाड, घोटीव, उसना आवाज.

घर बायकांनी भरलेलं होतं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो बोलनारा जित्ता हाय की. मेला त्यो दाखवा म्हनावं."

ते मला लागलं. मी दुसऱ्या दिवसापासून पहिल्या दोन वर्षांचे भाग शोधायला लागलो. निर्मात्याच्या ऑफिसातून सांगितलं, त्या टेप पुसून परत वापरल्या, तशी पद्धतच आहे. पद्धत. म्हणजे आज सोपान करगळांचा आवाज सरकारदरबारी नाही, मुंबईत नाही, कुठेच नाही. तो असलाच तर तुमच्या घरात आहे.

होय, तुमच्या. तेव्हा ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी राणबाचे भाग भरून ठेवले होते, मला माहीत आहे. त्यातल्या बऱ्याच कॅसेटींवर तुम्ही पुढे लग्नं भरलीत, बारशी भरलीत. जे झालं ते झालं. पण सगळ्या नाही भरल्यात. माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाखाली अजून पडलेल्या आहेत. आज उठा आणि बघा. चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव खरं मानू नका, कॅसेट लावून शेवटपर्यंत बघा, कारण लग्न संपल्यावर मागे पाच-दहा मिनिटं जुनं उरलेलं असतं. त्या पाच मिनिटांत राणबा सापडला तर पुसू नका, उसनी देऊ नका, टपालाने पाठवू नका. स्वतः घेऊन निरवांगीला या. करगळांचं घर कुणीही दाखवील. आत्या दुपारची घरीच असते. तिच्यासमोर लावा.